निकुंभांची पंचवीस डिग्री

निकुंभांचा तापमापकावर विश्वास नव्हता. हवामान खात्यावर नव्हता, दुधाच्या खोक्यावर छापलेल्या तारखेवर नव्हता, बेल वाजवणाऱ्या माणसावर नव्हता आणि माझ्यावर तर मुळीच नव्हता. हॉलंडमधल्या नायमेखनमध्ये आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो, पण त्या माणसाने माझ्या एकाही वाक्याला सरळ "हो" म्हटल्याचं मला आठवत नाही. मी कुंपणावरून म्हणावं, "आज काय गारठा आहे हो!" तर ते चष्म्यावरून बघत विचारणार, "कशावरून?" आता कशावरून म्हणजे काय! नाक लाल झालंय, बोटं वळत नाहीयेत, यावरून! पण नाही. ते आत जाणार, एक सोडून दोन तापमापक बघून येणार आणि सांगणार, "दोघांत अर्ध्या डिग्रीचा फरक आहे, वहिनी. एक जण खोटं बोलतोय."

तसे गृहस्थ सज्जन. मूळचे नाशिकचे, पन्नाशीचे, उंच, जरा वाकलेले, घरातसुद्धा गळ्यात मफलर. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत ते मेलेल्या चिप्स तपासायचे. चिप कशाने मेली, आधी काय बिघडलं, मग काय बिघडलं, हे शोधायचं त्यांचं काम. माझा नवरा शिरीष त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात होता. तो म्हणायचा, "मीटिंगमध्ये निकुंभांसमोर कोणी 'आय थिंक' म्हटलं, की त्याचं दुपारचं जेवण गेलंच समज."

त्यांची एक सवय मला फार खटकायची. कुठल्याही विजेच्या वस्तूला ते पालथा हात लावून बघायचे. पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा चहा हातात घेण्याआधी आमच्या टोस्टरला, मग लॅपटॉपच्या चार्जरला, मग भिंतीतल्या प्लगला असा पालथा हात लावत फिरले. लहान मुलाचा ताप बघतात ना, तसा. "हा प्लग कोमट आहे," म्हणाले. "आज कोमट आहे. उद्या काळा होईल." मी म्हटलं, "चहा मात्र गरम आहे, तो घ्या." तर कपाकडे बघत विचारतात, "दूध कधीचं?" मी मनात म्हटलं, परत बोलावलं तर नाव बदलेन.

मी स्वभावाने संशयी नाही. शिरीषचं मत वेगळं आहे, पण ते जाऊ दे. झालं असं, की ती साथ आली, सगळे घरात कोंडले गेले, आणि घरात कोंडलेल्या माणसाला शेजारी जरा जास्तच दिसायला लागतो. मला निकुंभ दिसायला लागले. त्यांच्या वरच्या मागच्या खोलीची खिडकी आतून चंदेरी कागदाने बंद केलेली. डच माणसं पडदेसुद्धा लावत नाहीत, सगळा दिवाणखाना रस्त्याला दाखवत बसतात, आणि यांनी खिडकीच झाकली! त्यात आमच्या वरच्या खोलीची भिंत, म्हणजे त्यांची-आमची मधली भिंत, हिवाळ्यात ऊबदार लागायची. मी मुद्दाम हात लावून बघायचे. बाकीच्या भिंती बर्फ, आणि ही एकटी नुकतीच पोळी झालेल्या तव्यासारखी.

आणि शनिवार. शनिवारी निकुंभ कोणाला दारात उभं करायचे नाहीत. त्या दुसऱ्या हिवाळ्यात सरकारने दिवसाला एकच पाहुणा असा नियम केला होता, तर मी म्हटलं, एकटा माणूस आहे, शिरीषला पाठवावं गप्पा मारायला. दर वेळी उत्तर ठरलेलं. "रविवारी चालेल. शनिवारी नाही." का नाही? तर काही नाही. आणि मग शनिवारी अकराच्या सुमाराला एक मुलगी यायची. डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, पाठीला सॅक, हातात फ्रोझन भाजीला वापरतात तसली थंड पिशवी. दार उघडायचं, ती सरळ वर जायची, संध्याकाळी निघून जायची. निकुंभांची बायको वेगळी राहते एवढं मला कानावर आलं होतं. पण ही कोण? पिशवीत काय? मी शिरीषला म्हटलं, "काहीतरी गडबड आहे." तो म्हणाला, "तू खिडकीतून बाजूला हो, हीच गडबड आहे."

मग त्या हिवाळ्यातला पहिला बर्फ पडला. सकाळी बघते तर सगळ्या रांगेची छपरं पांढरीशुभ्र आणि निकुंभांच्या छपरावर मागच्या बाजूला भला मोठा ओला काळा चौकोन. समोरची मार्गा कुत्रं घेऊन उभी होती. सत्तरीची बाई, रस्त्यावर पानसुद्धा तिला विचारून पडायचं. तिने छपराकडे हनुवटी केली आणि आवाज खाली आणून मला सांगितलं, की या देशात छपरावरचा बर्फ असा वितळला, की समजायचं वर गांजा लावलाय. दिवे तापतात, झाडं वाढतात, आणि पोलीस बर्फ पडायचीच वाट बघत असतात. माझ्या अंगावर काटा आला. चंदेरी खिडकी, गरम भिंत, सॅकवाली मुलगी! सगळं एका क्षणात जुळलं. "बाई गं," मी शिरीषला म्हटलं, "नाशिकचा माणूस, आणि पोटमाळ्यावर गांजा!"

दोन दिवसांत वस्तीचा पोलीस आलाच. चांगला धिप्पाड गडी. निकुंभांनी त्याला दारातच थांबवलं, त्याचं ओळखपत्र मागितलं, ते नाकाजवळ नेऊन वाचलं, त्याच्या कचेरीत फोन करून असा माणूस खरंच आहे का ते विचारलं, मग बूट काढायला लावले. मी स्वयंपाकघरातल्या खिडकीतून सगळं बघत होते. चांगल्या तासाभराने तो बाहेर आला तो घामाघूम, लालबुंद, जॅकेट हातावर घेतलेलं, आणि चक्क हसत होता. निकुंभ त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले, वर त्याचे आभार मानले.

आणि तिथून सरळ आमच्या दारात. "वहिनी, तुम्हीच कळवलंत ना?"

माझं डोकंच फिरलं. "काय बोलताय निकुंभ? मी? तोंड सांभाळून बोला!"

"मग कोणी?"

"मला काय ठाऊक! आणि कळवलं तर कोणाचं काय चुकलं? खिडक्या झाकता, भिंती तापवता, पोरीबाळी येतात-जातात, माणसाने काय समजायचं?"

मला वाटलं, आता भांडण पेटणार. तर म्हणाले, "हे बरोबर आहे. माझ्याबद्दल संशय घ्यायला तुमच्याकडे कारण होतं. या, बघून घ्या. आणि छपराचं म्हणाल तर त्या पोलिसाने माझ्यावर उपकार केलेत. बर्फ वितळला म्हणजे माझी उष्णता वरून गळत होती. मला कळलंच नसतं."

मी वर गेले. जिन्यावर शिरीष माझ्या मागे, दारात निकुंभ. दाराच्या फटीला खालून जाड कापडाची गुंडाळी लावलेली. आत पाऊल टाकलं आणि चैत्रातल्या दुपारसारखी हवा अंगावर आली. भिंतीला लोखंडी मांडणी, त्यावर काचेच्या तीन लांब पेट्या. पहिल्या पेटीत लाकडाखाली काहीतरी हललं, आणि मी शिरीषच्या पायावर पाय देऊन जिन्यात परत आले. साप! तीन साप! दोन जाडजूड, अजगराच्या जातीतले, स्वतःभोवतीच गुंडाळून बसणारे, आणि एक लांब नारिंगी.

"विषारी नाहीत," निकुंभ म्हणाले. आणि मग, सवयीने, "असं पुस्तकात लिहिलंय."

एकदा बोलायला लागल्यावर मात्र निकुंभ थांबेनात. सापाला स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून लागते. खोली पंचवीस डिग्रीवर. प्रत्येक पेटीत एका बाजूच्या अर्ध्या भागाखाली गरम होणारी चटई, दुसरी बाजू गार, म्हणजे त्याला हवं तिकडे तो जाईल. घराच्या हीटिंगवर ही खोली सोडायची नाही, कारण त्याचा थर्मोस्टॅट खालच्या दिवाणखान्यात. खाली चार माणसं बसली, स्वयंपाक झाला, की त्याला वाटतं घर तापलं, आणि वरची खोली थंडीने मरते. म्हणून इथे वेगळा तेलाचा रेडिएटर. लाल तार दिसणारा हीटर नाही, पंख्याचा नाही. रेडिएटर पडद्यापासून लांब, पेट्यांपासून लांब, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. एक्स्टेंशन बोर्डवर हीटर लावणाऱ्या माणसांबद्दल निकुंभ जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. छताला धुराचा अलार्म. तापमापक एक वरच्या पेटीशी, एक खालच्या, कारण ऊब वर चढते आणि खालचा साप गारठतो.

"आणि हे थर्मोस्टॅट दोन का?" शिरीषने विचारलं.

"पहिला हीटर चालवतो. दुसरा पहिल्यावर लक्ष ठेवतो. आतला विजेचा संपर्क कधीतरी चिकटतो हो. चिकटला की हीटर चालूच राहतो, थांबतच नाही. खोली चाळीसला जाते. गारठलेला साप वाचवता येतो, शिजलेला नाही."

"फोनवर दिसतं तसलं काही लावायचं ना," शिरीष म्हणाला.

"इंटरनेटवरून चालणारी वस्तू? म्हणजे घराची किल्ली रस्त्यावर ठेवायची, आणि म्हणायचं चोर बघणार नाही?"

मी जिन्यातूनच विचारलं, "पण निकुंभ, एवढी हौस आहे तर एक मांजर पाळायचं!"

ते दचकून म्हणाले, "हौस? मला? मला साप अजिबात आवडत नाहीत, वहिनी. मला भीती वाटते." आणि त्यांनी कोपऱ्यातली आपली आयुधं दाखवली. भट्टीवर वापरतात तसले कोपरापर्यंतचे हातमोजे, आणि एक बॅडमिंटनची रॅकेट. पाण्याचं भांडं बदलायचं तर डाव्या हातात रॅकेट ढालीसारखी धरायची आणि उजव्याने भांडं उचलायचं. आजपर्यंत त्यांनी एकाही सापाला हात लावला नव्हता. मला हसू आवरेना. तेही हसले असते, पण पेटीचं झाकण नीट लागलंय ना ते बघत होते.

साप रेवाचे होते. रेवा म्हणजे ती सॅकवाली मुलगी, निकुंभांची एकुलती एक लेक. थंड पिशवीत गोठवलेले उंदीर असायचे. बारा वर्षांची असताना तिने हट्टाने पहिला साप आणला, मग दुसरा, मग तिसरा. जेवणाच्या टेबलावर असावीत तशी नावं ठेवली: बोटर, कास, मोस्टर्ट. म्हणजे लोणी, चीज, मोहरी. साथ यायच्या आधीच्या वर्षी नवरा-बायको वेगळे झाले, बायको लेकीला घेऊन फोरबर्गला गेली, आणि तिथल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये सापांना बंदी. साप मागे राहिले. म्हणून रेवा दर शनिवारी दोन गाड्या बदलून यायची.

"तुम्हाला भेटायला," मी म्हटलं.

"सापांना भेटायला," निकुंभ म्हणाले. "मी त्या खोलीचा हीटर."

काही कडवटपणा नव्हता त्यात. एखादी चिप तपासून अहवाल द्यावा तसं सांगत होते. "पुरावा बघा. आल्यावर वर जाते. तासन्‌तास वर असते. निघताना विचारते, तापमान किती ठेवलंय, पाणी कधी बदललं. माझ्याबद्दल काही विचारत नाही. आधी, फ्लॅट घेतल्यावर, पहिले तीन महिने साप ठणठणीत होते, मी इथेच होतो, तरी एकदाही आली नव्हती. मग मी फोन केला की मोस्टर्ट खात नाहीये. लगेच आली."

"खरंच खात नव्हता?"

त्यांनी मफलर नीट केला. मग म्हणाले, "यातला एक जरी मेला ना वहिनी, तर बाकीचे ती कुठेतरी प्राणी-आश्रमात देईल. मग इथे यायचं कारण संपलं." दिवसाला एकच पाहुणा येऊ शकतो, तर शनिवारची ती एक जागा त्या माणसाने सगळ्या जगाला नकार देऊन राखून ठेवली होती. मी त्याला गांजावाला समजत होते. मला आतून फार वाईट वाटलं.

त्यानंतर शनिवारी मी रेवाला हात करू लागले. शिडशिडीत, सतरा वर्षांची, बापासारखीच वाकून चालणारी. मराठी सगळं कळायचं, पण बोलायला लागली की डच नाहीतर इंग्लिश. एकदा कुंपणाशी येऊन तिने मला तिचा नंबर दिला. "मावशी, इफ समथिंग हॅपन्स, कॉल मी. ओके?" सापांना काही झालं तर, असंच मी धरून चालले. तोपर्यंत निकुंभांचा संशय मलाही लागला होता.

जोराचा बर्फ पडला त्या आठवड्यात निकुंभांना साथीने गाठलं. तीन-चार दिवस खोकला भिंतीतून ऐकू येत होता. मी दारात सूप ठेवायचे, ते आत घ्यायचे, आणि भांडं परत ठेवताना आतून ओरडून विचारायचे, "यात काय होतं?" मग एका सकाळी अँब्युलन्स आली. त्याआधीच त्यांनी घराची किल्ली आमच्या टपालपेटीत टाकली होती. मी कोट घालून बाहेर धावले. खुर्चीत बसवलेले, तोंडावर ऑक्सिजन, तरी मास्क बाजूला करून मला सांगत होते, "वर फक्त बघायचं. काही बदलायचं नाही. आणि रेवाला कळवू नका."

"अहो, घाबरेल म्हणून का? मुलगी आहे!"

"घाबरणार नाही. साप घेऊन जाईल." दार बंद झालं.

सकाळी मी जायचं, संध्याकाळी शिरीषने जायचं, असं ठरलं. माझा नवरा सांगलीचा. त्यांच्या घराण्यात घराबाहेर पाऊल टाकण्याआधी सगळी बटणं बंद, गॅस बंद, मेन स्विच बंद, मग कुलूप, मग कुलूप ओढून बघणं, आणि कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा ओढून बघणं. हॉलंडमधल्या सॉकेटना बटणंच नसतात, म्हणून हा प्लग उपटतो. आम्ही सुट्टीला निघालो की घरातला प्रत्येक प्लग जमिनीवर मान टाकून पडलेला असतो. तर त्या पहिल्याच संध्याकाळी हा निकुंभांकडे गेला, झाडांना पाणी घातलं, वर डोकावला, साप बघितले, आणि खाली उतरताना वाडवडील त्याच्या अंगात आले. रिकाम्या घरात हीटर! परत वर गेला आणि सगळे प्लग काढून आला. घरी येऊन मला काय सांगावं? "सगळं नीट बंद करून आलो." मी म्हटलं, "शाबास." मला वाटलं, दारं-खिडक्या.

सकाळी मी गेले. जिन्यातच कळलं, कारण वरून ऊब येत नव्हती. आत गारठा. छपरावर बर्फ जाड साचलेला, आता वितळत नव्हता. तापमापक सोळा दाखवत होता. कास आणि बोटर दगडासारखे पडलेले, मोस्टर्ट वेटोळं सोडून लांबलचक सरळ. हलत नव्हता. मी प्लग खाली पडलेले बघितले आणि जिन्यातून ओरडले, "शिरीष!" आमच्या घरापर्यंत ऐकू गेलं. तो धावत आला, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याला काय केलंय ते कळलं. "अगं पण रिकाम्या घरात कोणी..." एवढंच म्हणाला बिचारा. बेचाळीस वर्षांचा इंजिनियर, तोंड पोरासारखं झालं होतं. निकुंभांनी जगातल्या सगळ्या बिघाडांचा विचार करून ठेवला होता. सांगलीचा माणूस राहून गेला.

कळवू नका म्हणाले होते. पण तीन साप मेले तर त्यांना काय तोंड दाखवू? मी रेवाला व्हिडिओ कॉल लावला. एका दमात सांगितलं: बाबा हॉस्पिटलमध्ये आहेत, आणि तुझ्या सापांच्या खोलीतली वीज रात्रभर बंद होती.

ती पलंगावर उठून बसली. मग म्हणाली, "टेम्परेचर किती?"

"कोणाचं?" मी ताडकन विचारलं. मला भयंकर राग आला होता. बाप ऑक्सिजनवर, आणि ही टेम्परेचर विचारते! म्हणजे निकुंभ म्हणत होते ते खरंच होतं तर.

"रूमचं, मावशी."

पण मुलगी कामाची. हडबडली नाही. आधी रेडिएटर लावा. मग चटया. एकदम चाळीसला नेऊ नका, हळूहळू. गरम पाण्याच्या पिशव्या टॉवेलमध्ये गुंडाळून काचेला बाहेरून टेकवा, सापाच्या अंगाला नाही, कारण भाजतं तरी त्याला कळत नाही. झाकण उघडू नका. खायला काही देऊ नका, गारठलेल्या सापाच्या पोटात अन्न कुजतं. बर्फामुळे रेल्वे बंद होती, नाहीतर ती निघालीच असती. फोन मांडणीला टेकवून आम्ही तिघं बसलो, ती फोरबर्गला तिच्या पलंगावर, आम्ही निकुंभांच्या जमिनीवर. दुपारी बोटर हलला. मग कास. मोस्टर्टने जीभ बाहेर काढली तेव्हा शिरीष रडला, मी खोटं सांगत नाही. सापाने जीभ काढली म्हणून रडलेला सांगलीतला तो पहिलाच असावा.

फोन ठेवताना रेवा म्हणाली, "डोन्ट टेल पापा, प्लीज." का, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, तिला गुपचूप येऊन साप न्यायचे असतील. एकदा संशयाची सवय लागली की असं होतं.

निकुंभ परत आले ते निम्मे होऊन. गळ्यात मफलर ठरेना एवढी मान बारीक. आले ते धापा टाकत सरळ वर गेले. आम्ही जीव मुठीत धरून खाली उभे. आम्हाला कुठे माहीत, की त्यांचे ते तापमापक सगळ्यात कमी आकडाही लक्षात ठेवतात! वरून आवाज आला, "सोळा कधी झालं?"

शिरीषने सगळं कबूल केलं. मला वाटलं, आता या माणसाच्या तोंडून काय ऐकावं लागणार. पण ते जिन्याच्या पायरीवर बसले आणि एकच विचारलं, "रेवाला कळलं?"

"तिनेच वाचवले," मी म्हटलं.

"मग आता नेईल," ते म्हणाले. "माझ्या भरवशावर नाही ठेवता येत, हे तिने बघितलं."

पुढच्या शनिवारी ती आली. संध्याकाळी मी निकुंभांना विचारलं, काय बोलली? म्हणाले, "आल्या आल्या विचारलं, कसं आहे. मी सांगितलं, छान, पंचवीस डिग्री."

"अहो, ती तुम्हाला विचारत होती!"

"कशावरून?"

आता या माणसाला काय सांगणार? मी कपाळाला हात लावला आणि घरी आले.

उन्हाळ्यात मात्र त्यांचं भाकीत खरं झालं. रेवा अठरा वर्षांची झाली, लायडनला शिकायला निघाली, आणि मैत्रिणींबरोबर भाड्याने घेतलेल्या घराचा मालक सापांना हो म्हणाला. एक मैत्रीण गाडी घेऊन आली. निकुंभांनी दोन्ही थर्मोस्टॅट, रेडिएटर, चटया, सगळं स्वतः बांधून दिलं. "त्या घराची वायरिंग कोणी तपासली?" हे त्यांनी इतक्या वेळा विचारलं, की शेवटी ती "पापा!" म्हणून ओरडली. मग तिने बोटरला बाहेर काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं. निकुंभ एक पाऊल मागे गेले, भिंत लागली. मग डोळे मिटून त्यांनी पालथा हात पुढे केला आणि सापाच्या पाठीला टेकवला. "कोरडा आहे," म्हणाले. "मला वाटलं ओला असेल." रेवा काहीतरी बोलणार होती, पण मैत्रिणीने हॉर्न दिला.

त्या दिवसापासून खोली रिकामी. खिडकीचा चंदेरी कागद निघाला. निकुंभांनी सगळ्या घराचंच हीटिंग जवळजवळ बंद केलं, घरात कोट घालून बसायचे. आणि आम्हाला शनिवारी चहाला बोलवायला लागले. शनिवारी! पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी वार दोनदा विचारून घेतला. रेवाचे फोन यायचे, नाही असं नाही. तिकडच्या खोलीचं तापमान सांगायची. निकुंभ म्हणायचे, "अजून तिला शंका येते म्हणून विचारते. शंका फिटली की थांबेल." मी चिडून म्हणायचे, "लेक आहे तुमची, फोन करायला कारण कशाला लागतं?" ते माझ्याकडे बघून विचारायचे, "कशावरून?" पण आता ते वेगळं ऐकू यायचं. मी काहीतरी उत्तर द्यावं, पटेल असं काहीतरी सांगावं, म्हणून विचारल्यासारखं. पण मलासुद्धा खात्री कुठे होती?

हिवाळ्याच्या तोंडाशी शिरीषची बदली आइंडहोवनला झाली. निघायच्या आधीच्या शनिवारी आम्ही निकुंभांकडे शेवटचा चहा घेत होतो. मी कोट काढलाच नव्हता. निकुंभ शिरीषला नव्या घरातला फ्यूजबोर्ड कसा तपासायचा ते समजावत होते, इतक्यात बेल वाजली. निकुंभ नेहमीसारखे उठून आधी खिडकीतून डोकावले, आणि तिथेच थबकले. मग दार उघडलं.

रेवा होती. सॅक नाही, थंड पिशवी नाही, नुसते खिशात हात.

"काय झालं?" निकुंभांनी विचारलं. "मोस्टर्ट?"

"नो, ही इज फाइन."

"थर्मोस्टॅट? चिकटला ना? मी म्हटलं होतं..."

"थर्मोस्टॅट इज ओके, पापा."

"मग वीज गेली? मालकाने काढायला सांगितलं? काहीतरी न्यायचं राहिलं का?"

ती मान हलवत राहिली. निकुंभ दारात आडवे उभे, एक हात चौकटीवर, पोलिसासमोर उभे राहिले होते तसे. मला उठून त्यांना ढकलावंसं वाटत होतं. त्यांची कारणं संपत आली, ते मला मागूनही दिसत होतं. शेवटी अगदी हळू विचारलं, "मग कशाला आलीस?"

रेवाने त्यांच्याकडे बघितलं. आणि ती मुलगी, जी आजवर माझ्याशी मराठीत एक अख्खं वाक्य बोलली नव्हती, सरळ मराठीत म्हणाली, "तुम्ही एकटे असता म्हणून. बाबा, आत घ्या ना, थंडी वाजतेय."

निकुंभांनी चौकटीवरचा हात काढला. काही विचारलं नाही. तोंड उघडलं होतं, पण विचारलं नाही.

आम्ही कप तसेच ठेवून, काहीतरी पुटपुटत, त्या दोघांच्या बाजूने बाहेर पडलो. फाटकाशी येऊन मी मागे वळून पाहिलं. दार सताड उघडं, सगळा गार वारा घरात शिरतोय, आणि निकुंभ तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून खसाखसा चोळत उभे. माझे डोळे भरून आले.

शिरीष म्हणाला, "दार उघडं राहिलंय त्यांचं. सांगू का?"

मी म्हटलं, "गप्प चल."